काळा ज्येन वाडगा: तेलठिपके आणि सशाची लव ग्लेझमध्ये कशी उतरवावी

चीनच्या फूज्येन प्रांतात ज्येनयांगजवळ श्वेइजी नावाचे गाव आहे. सोंग राजवटीत (९६० ते १२७९) तिथल्या डोंगरउतारांवरच्या भट्ट्यांत चहाचे काळे वाडगे, म्हणजेच ज्येन वाडगे, भाजले जात. त्यांच्यावर कुंचल्याने काढलेली एकही रेघ नाही. सशाच्या लवेसारख्या बारीक तपकिरी रेषा किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबांसारखे चंदेरी ठिपके दिसतात, ते ग्लेझमधल्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरातल्या, लोहाने भट्टीत स्वतः काढलेले असतात. म्हणून हा वाडगा करताना नक्षीच्या मागे लागायचे नाही. माती, थराची जाडी, वरचे (म्हणजे सर्वांत जास्त) तापमान आणि निवण्याचा वेग या चार गोष्टी नेमक्या सांभाळायच्या. काळ्या स्टेनची (तयार रंगद्रव्याची) पूड घालून काळे केलेले ग्लेझ कितीही चकचकीत आले, तरी त्यात ही लव उतरत नाही.

खालची रीत चाक आणि १३०० अंशांपर्यंत जाणारी इलेक्ट्रिक किंवा गॅस भट्टी असलेल्या स्टुडिओसाठी आहे. चाकावर निदान वाटी सरळ उचलता येते आणि एखादे हाय-फायर (उच्च तापमानाला भाजायचे) ग्लेझ आधी वापरलेले आहे, एवढे गृहीत धरले आहे. सगळी तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

भट्टीत नेमके काय घडते

हे समजले की पुढची प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळते. ग्लेझमध्ये वजनाच्या ५ ते ८ टक्के लोह असते. भट्टीत भरपूर हवा असेल तर ते लाल ऑक्साइडच्या रूपात राहते. साधारण १२३० अंशांच्या पुढे या लाल ऑक्साइडला आपला सगळा ऑक्सिजन धरून ठेवता येत नाही आणि तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतो. तोवर ग्लेझ वितळून घट्ट पाकासारखे झालेले असते. बुडबुडा त्या पाकातून वर चढताना भोवतालचा लोहाने समृद्ध द्रव सोबत घेऊन येतो आणि पृष्ठभागावर फुटतो. तिथे लोहाचा एक ठिपका साचतो. निवताना त्या ठिपक्यात लोह ऑक्साइडचे स्फटिक धरतात आणि ठिपका चंदेरी किंवा तपकिरी दिसतो. उरलेल्या काचेत लोह विरघळलेले राहते, म्हणून ती काळी दिसते. हा तेलठिपका.

याच क्षणी उष्णता आणखी वाढली किंवा ग्लेझ जरा जास्त वाहते असले, तर उभ्या भिंतीवरचे ठिपके खाली ओघळतात आणि लांबट रेघा होतात. ही सशाची लव. तेलठिपके आणि लव या दोन वेगळ्या विद्या नाहीत. एकाच प्रवासातले ते दोन थांबे आहेत, आणि भट्टी कुठे थांबवायची हे आपण ठरवायचे.

माती

श्वेइजीची मूळ माती भरड आणि लोहाने भरलेली होती. भाजल्यावर ती काळपट राखाडी होते आणि वाडगा हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड लागतो. ग्लेझ वितळताना या मातीतलेही थोडे लोह त्यात विरघळते, त्यामुळे पांढऱ्या पोर्सेलिनवर तेच ग्लेझ फिकट आणि उथळ वाटते.

आपल्याकडे कोन १० ची, म्हणजे साधारण १३०० अंशांना भाजायची, साधी स्टोनवेअर माती घ्या. बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) असलेली चांगली. तिच्या कोरड्या वजनाच्या ३ टक्के रेड आयर्न ऑक्साइड मिसळा. १० किलो कोरड्या मातीला ३०० ग्रॅम. ऑक्साइड आधी पाण्यात कालवून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून गाळा, मग मातीच्या गाऱ्यात घाला. कोरडे टाकून मळले तर गुठळ्या राहतात आणि भाजल्यावर त्या जागी काळे फोड येतात.

मूळ मातीतले प्रमाण गाठण्यासाठी एकदम ७-८ टक्के लोह घालण्याचा मोह टाळा. तिथली माती तेवढे लोह असूनही उभी राहते, कारण तिची बाकीची घडण तशी आहे. आपल्या पाकिटातल्या मातीत तेवढे लोह गेले तर ती फुगते किंवा बसते. यासाठी सोपी परीक्षा आहे. १२ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड पट्टी करा, दोन टोकांखाली आधार देऊन ती मोकळी ठेवा आणि पूर्ण तापमानाला भाजा. मध्यभागी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त झोळ पडला तर लोह १ टक्क्याने कमी करा. पट्टी मोडूनही पाहा. आत बारीक पोकळ्या दिसल्या तर फुगणे सुरू झाले आहे.

आकार

जुन्या ज्येन वाडग्यांचे काठ वेगवेगळे असत. काही पसरट, काही बाहेर वळलेले, काही किंचित आत झुकलेले. शिकायला सर्वांत उपयुक्त आकार गळा आवळलेला. काठाच्या खाली साधारण दीड सेंटिमीटरवर बाहेरून एक उथळ खाच असते आणि आतून तिथेच हलका उंचवटा येतो. या उंचवट्यामुळे पाणी किती ओतायचे ते कळते आणि चहाची पूड पाण्यात घुसळताना चहा काठावरून उडत नाही. बाहेरच्या खाचेत बोट नीट बसते.

भाजल्यानंतर तोंड १२ सेंटिमीटर, उंची साडेसहा आणि बूड ४ सेंटिमीटर हवे. माती एकूण १२ टक्के आकसते असे धरले तर चाकावर तोंड १३.६ आणि उंची ७.४ सेंटिमीटर ठेवावी लागते. आपल्या मातीचे आकसणे वेगळे असेल तर त्या आकड्याने हिशेब करा. ४५० ते ५०० ग्रॅम मातीचा गोळा पुरतो. बुडाला तासण्यासाठी २ सेंटिमीटर जाडी राखा. भिंत खालच्या भागात ७-८ मिलिमीटर आणि काठाशी ३-४ मिलिमीटर. ही खालची जाडी हलगर्जीपणाची नाही, ती हवीच असते. त्साय श्यांग या अधिकाऱ्याने अकराव्या शतकात सम्राटासाठी चहावर टिपण लिहिले, त्यात ज्येनच्या वाडग्यांची तारीफ याच कारणाने आहे: अंग जरा जाड असल्याने एकदा तापलेला वाडगा लवकर थंड होत नाही.

आतला तळ सपाट सोडू नका. तो उलट्या घुमटासारखा सलग वळवा. कोपरा राहिला तर चहा घुसळायची बांबूची घुसळणी तिथे अडकते आणि ग्लेझचे तळे साचते.

खाच पाडताना काठाला आतून एका बोटाचा आधार द्या आणि बाहेरून लाकडी फासळीची कड हलकेच टेका. चाक सावकाश फिरवा, एकाच फेरीत काम उरका. दुसऱ्यांदा दाबले की काठ लंबगोल होतो.

तासणी चामड्याइतक्या घट्ट मातीवर. बुडाची कडी खुटखुटीत आणि उथळ असावी, आतली खोली ३ मिलिमीटर पुरे. कडीच्या वर बाहेरून धारदार पायरी काढून ठेवा, ओघळणारे ग्लेझ तिथे अडते. जुन्या काही वाडग्यांच्या बुडावर राजदरबाराला अर्पण करण्याच्या अर्थाची दोन चिनी अक्षरे आढळतात. आज जुना माल म्हणून विकल्या जाणाऱ्या असंख्य नकलांवरही तीच अक्षरे असतात, म्हणून आपल्या वाडग्यावर ती कोरू नका. स्वतःची खूण उमटवा.

हळूहळू वाळवा, मग ९५० अंशांना बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी) करा. ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान तासाला १०० अंशांपेक्षा जास्त वेग नको. या टप्प्यात मातीतला सेंद्रिय भाग जळून बाहेर पडतो. तो आत कोंडला तर लोहाच्या मातीत काळा गाभा राहतो आणि ग्लेझ फायरिंगमध्ये त्याच जागी फुगवटा येतो.

ग्लेझ

तेलठिपक्यांसाठी १००० ग्रॅमचे माप असे:

पोटॅश फेल्डस्पार ६०० ग्रॅम
क्वार्ट्झ पूड २०० ग्रॅम
व्हायटिंग (खडूची पूड) ७० ग्रॅम
डोलोमाइट (चुना आणि मॅग्नेशिया असलेली दगडाची पूड) ५० ग्रॅम
चायना क्ले ८० ग्रॅम
आणि यावर वेगळे रेड आयर्न ऑक्साइड ८० ग्रॅम

सशाच्या लवेसाठी फेल्डस्पार ५५० आणि व्हायटिंग १२० करा, बाकी सारे तेच. व्हायटिंग वाढल्याने ग्लेझ जास्त वाहते आणि ठिपके ओढले जातात.

कोरडी पूड मोजताना एन-९५ मास्क लावलाच पाहिजे. सिलिकाची धूळ फुप्फुसांत कायमची राहते. टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका.

बादलीत आधी ९०० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात पूड सोडा, तासभर भिजू द्या, मग ८० मेशमधून दोनदा गाळा. दाटपणा अंदाजाने ठरवू नका. १०० मिलिलिटर ग्लेझ वजनकाट्यावर तोला, ते १४५ ते १५० ग्रॅम भरले पाहिजे. कमी भरले तर रात्रभर ठेवून वरचे निवळ पाणी काढा. फेल्डस्पार तळाशी दगडासारखा बसत असेल तर १० ग्रॅम बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक माती) गरम पाण्यात वेगळे फुगवून मिसळा.

महाराष्ट्रातल्या कुंभारांसाठी इथे एक खास वाट आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, लोह ऑक्साइड ढोबळमानाने १२ ते १५ टक्के आणि चुना १० टक्क्यांच्या आसपास असतो. शिवाय मॅग्नेशियाही असतो. काळ्या ग्लेझला जे हवे तेच. खडी क्रशरवरची बारीक भुकटी ५० भाग, पोटॅश फेल्डस्पार ३० भाग आणि क्वार्ट्झ २० भाग घेतले, तर बाहेरून लोह न घालता लोहाचे प्रमाण ६ ते ७ टक्क्यांवर येते आणि एकूण मिश्रण ज्येन ग्लेझच्या बरेच जवळ जाते. अट एकच, भुकटी १०० मेशमधून जाईल इतकी बारीक हवी. बॉल मिल नसेल तर भुकटी पाण्यात ढवळून जड कण खाली बसू द्या आणि वरचा गढूळ भाग ओतून घ्या. प्रत्येक खाणीचा दगड थोडा वेगळा असतो, त्यामुळे आधी तिरप्या ठेवलेल्या चाचणी-तुकड्यांवर ओघळ पाहा, मग वाडग्याला हात घाला. दोन्हींतून एकच निवडायचे असेल तर हे पाषाणाचे ग्लेझ आम्ही वर धरू. त्याचा काळा रंग जास्त खोल उतरतो.

थर चढवणे

बहुतेक वाडगे इथे बिघडतात. तेलठिपक्यांना जाड थर लागतो. बुडबुड्याला वर येताना पुरेसे लोह गोळा करायला अंतर मिळाले पाहिजे. सुकलेला थर भिंतीवर दीड ते दोन मिलिमीटर हवा. नेहमीच्या ग्लेझची सवय असलेल्या हाताला हा फार जाड वाटतो आणि तो आपसूक कमी लावतो. नंतर भट्टीतून सपाट तपकिरी वाडगा निघतो.

बिस्क ओल्या स्पंजने पुसून धूळ काढा. आतून ग्लेझ ओता, गोल फिरवा, लगेच बाहेर ओता. पूर्ण सुकू द्या. मग बूड बोटांत धरून तोंड खाली करून वाडगा ग्लेझमध्ये ४ सेकंद बुडवा. ओली चकाकी गेली की पुन्हा ३ सेकंद, पण दुसऱ्या वेळी बुडापासून अडीच सेंटिमीटर अलीकडे थांबा. आतली हवा अडकल्याने आत दुसरा थर फारसा चढत नाही, तिथे हवा असल्यास पुन्हा ओतून फिरवा. टाचणीने एका जागी टोचून खोली पाहा आणि भोक बोटाने बुजवा.

बुडाच्या वरचा १० ते १२ मिलिमीटर भाग कोरा ठेवा, लवेच्या ग्लेझसाठी १५. भाजताना ग्लेझ खाली सरकून या कोऱ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला जाड वळ धरते, कुठे एखादा थेंब लोंबतो. हा वळ ज्येन वाडग्याची ओळखच आहे. उलट काठावरचे ग्लेझ खाली सरकल्याने काठ पातळ, तपकिरी आणि किंचित खरखरीत राहतो. जुन्या काळी काही वाडग्यांच्या काठाला चांदी किंवा तांब्याची पट्टी बसवत. काठ ओठाला फारच खरखरीत लागला तर भाजल्यावर ओल्या डायमंड पॅडने हलका घासा.

भट्टी भरणे आणि भाजणे

श्वेइजीच्या ड्रॅगन भट्ट्या उतारावर सापासारख्या लांब पसरलेल्या असत. उत्खननात सापडलेली एक तर १३५ मीटरहून लांब आहे. प्रत्येक वाडगा मातीच्या जाड डब्यात, मातीच्या टिकलीवर ठेवलेला असे. टिकली आपणही वापरावी. त्याच मातीची १० सेंटिमीटर व्यासाची आणि १ सेंटिमीटर जाड चकती बिस्क करून घ्या. तिच्यावर ६० भाग अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि ४० भाग चायना क्लेचा हात फिरवा. ग्लेझ वाहिले तर चकती जाते, शेल्फ वाचते.

वाडग्यांच्या शेजारी ८, ९ आणि १० नंबरचे कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके) ठेवा, भट्टीच्या खिडकीतून दिसतील असे. थर्मोकपल हवेचे तापमान सांगतो. ग्लेझने उष्णता किती पचवली ते कोन सांगतो, आणि इथे १० अंशांच्या फरकाने ठिपक्याची लव होते.

तापमान वाढवण्याचा आलेख असा ठेवा. ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंश. तिथून ११५० पर्यंत तासाला १५०. ११५० नंतर वेग तासाला ६० अंशांवर आणा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. १२३० ते १२८० हा टप्पा सर्वांत मोलाचा. सगळे बुडबुडे इथेच उठतात. या वेळी ग्लेझचा पृष्ठभाग उकळत्या पिठल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा असतो, त्या अवस्थेत भट्टी बंद केली तर तो तसाच गोठतो.

तेलठिपक्यांसाठी ९ नंबरचा कोन आडवा झाला आणि १० नंबरचा नुकता वाकू लागला की वरचे तापमान २० मिनिटे धरून बंद करा. लवेसाठी १० नंबरचा पूर्ण आडवा होऊ द्या, मग २० मिनिटे. प्रत्येक भट्टीत हे मिनिटांचे गणित थोडे सरकते, म्हणून पहिल्या तीन फायरिंगमध्ये त्याच मातीच्या, ग्लेझ लावलेल्या चाचणीच्या लहान कड्या ठेवा आणि खिडकीतून लोखंडी आकड्याने एकेक काढून बघा. उघडताना जाड हातमोजे आणि गडद काच हवीच.

गॅस भट्टी असेल तर ९०० अंशांपासून डॅम्पर (धुराड्याची झडप) मोकळा ठेवा. खिडकीतून ज्योत बाहेर येता कामा नये. हवा कमी पडली की लोह आपला ऑक्सिजन ग्लेझ वितळण्याआधीच गमावून बसते, मग बुडबुडे उठत नाहीत. असा वाडगा सुरेख काळा-तपकिरी येतो, पण ठिपक्यांशिवाय.

निवताना भट्टी ११०० अंशांपर्यंत आपोआप उतरू द्या. ११०० ते ९५० तासाला ६० अंश, स्फटिक या वेळी वाढतात. त्याखाली भट्टी सोडून द्या. १०० अंशांच्या वर झाकण उघडू नका.

बिघडले तर

टोकदार कडांचे खड्डे राहिले तर ग्लेझला सपाट व्हायला वेळ मिळालेला नाही. वरच्या तापमानाला १० मिनिटे वाढवा. तापमान वाढवू नका, नाहीतर ठिपके वाहतील. खड्डे असलेला वाडगा त्याच आलेखाने पुन्हा भाजता येतो आणि बऱ्याचदा सुधारतो.

ठिपके टाचणीच्या टोकाएवढे आणि दाट आले तर थर पातळ होता. ठिपके मोठे पण काठाजवळ मुळीच नसले तर ते सामान्य आहे, काठावर ग्लेझ उरतच नाही.

सगळा वाडगा गंजासारखा तांबूस-तपकिरी आणि मंद झाला, तर एक तर थर पातळ किंवा ११०० च्या खालचे निवणे फार लांबले. आधी थर तपासा, दहापैकी आठ वेळा दोष तिथे असतो. हिरवट-पिवळी भुकटी पसरल्यासारखे दिसले तर मॅग्नेशियाचे स्फटिक धरले आहेत. डोलोमाइट ५० वरून ३० ग्रॅमवर आणा आणि व्हायटिंग २० ग्रॅमने वाढवा.

ग्लेझ गोळा होऊन मध्ये कोरी माती उघडी पडली तर बिस्कवर धूळ किंवा बोटांचे तेल होते, किंवा पहिला थर सुकताना त्याला भेगा गेल्या होत्या. भेगा दिसल्या की दुसरा थर देण्याआधी कोरड्या बोटाने त्या घासून बुजवा.

निळ्या-जांभळ्या वलयांचे ठिपके हे वेगळेच प्रकरण. जपानी लोक या काळ्या वाडग्यांना तेन्मोकू म्हणतात, चीनमधल्या थ्येनमू डोंगरावरच्या मठांतून भिक्षूंनी ते नेले म्हणून. तशी वलये असलेले योहेन तेन्मोकूचे तीन वाडगे जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केले आहेत. कोबाल्ट किंवा धातूची वाफ वापरून त्यांची नक्कल करणारी ग्लेझे बाजारात मिळतात. चहा प्यायच्या भांड्यात ती नकोत.

वापरण्याआधी

वाडगा पाण्याने भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर माती पुरती घट्ट झालेली नाही, तो वाडगा चहासाठी बाजूला काढा. नंतर आतल्या ग्लेझवर लिंबाची फोड २४ तास ठेवा. फोडेखालचा भाग फिका किंवा मंद पडला तर ग्लेझ कच्चे आहे.

खरी परीक्षा चहाची. सोंगकाळात चहाची पूड घुसळून पांढरा फेस काढत आणि तो फेस काळ्यावर उठून दिसावा म्हणूनच हे वाडगे निवडले जात. ११०७ साली सम्राट ह्वेइझोंगने चहावर लिहिताना निळसर-काळा आणि लव सरळ उतरलेला वाडगा श्रेष्ठ ठरवला. त्साय श्यांगची एक सूचना आजही जशीच्या तशी लागू पडते: वाडगा आधी गरम करा, थंड असला तर चहा वर येत नाही.

उकळते पाणी ओतून दोन मिनिटे ठेवा, ओतून द्या, कोरडा पुसा. २ ग्रॅम माचा (हिरव्या चहाची बारीक पूड) गाळून घाला. ८० अंशांचे १५ मिलिलिटर पाणी घालून गुळगुळीत पेस्ट करा, मग आणखी ६० मिलिलिटर. बांबूच्या घुसळणीने तळ न घासता, मनगटातून मागेपुढे जोरात घुसळा. वाडगा निम्माही भरू नका. माचाचा फेस हिरवट असतो, सोंगकाळच्या चहाइतका पांढरा नाही, तरी काळ्यावर तो लख्ख दिसतो. घुसळणी अडकत असेल तर आतला तळ पुढच्या वेळी आणखी गोल करा. पहिल्या घोटापर्यंत वाडगा हाताला कोमट झाला असेल तर भिंत पातळ आहे, पुढच्या गोळ्याला ५० ग्रॅम माती वाढवा.

धुताना मऊ स्पंज आणि कोमट पाणी, तारेची घासणी नको. बूड कोरे असल्याने ते पाणी शोषते, म्हणून वाडगा पालथा घालून पूर्ण वाळू द्या आणि मगच कपाटात ठेवा.